हाताखालचा श्वास

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध योगशिक्षिका राहत होत्या. त्यांचे नाव कृष्णाबाई, पण गाव त्यांना आक्काच म्हणत असे. सारे आयुष्य त्यांनी योग शिकवण्यात घालवले होते. उतारवयात हृदयाचे दुखणे मागे लागले, तेव्हा बाकीचे सगळे वर्ग बंद करून त्यांनी एकच ठेवला. तो होता जन्मतःच मृत्यूच्या दारातून परतलेल्या बाळांचा आणि त्यांच्या आयांचा. गावातल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई, एखादे बाळ अतिदक्षता विभागातून घरी गेले आणि अंगाने थोडे सावरले की, त्याच्या आईला सांगत, "आता आक्कांकडे जात जा."

या बाया इतर बाळंतिणींसारख्या नसत. आपले मूल त्यांनी कित्येक आठवडे काचेपलीकडूनच पाहिलेले असे. घरी आल्यावरही त्यांच्या कानांतून यंत्रांची टिकटिक जात नसे. बाळ झोपले की त्याच्या नाकाशी बोट धरून त्या बसून राहत. त्यांचे खांदे कानांपर्यंत चढलेले असत आणि श्वास गळ्याच्या खाली उतरतच नसे. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आक्का त्यांना पोटातून श्वास घ्यायला शिकवत, मांड्यांवर बाळाला निजवून त्याचे पाय हलकेच पोटाकडे दुमडायला शिकवत, आणि शेवटी त्याला उघड्या छातीशी घेऊन स्वस्थ पडून राहायला सांगत.

आक्कांच्या हाताखाली वृंदा नावाची एक तरुण शिष्या होती. तिने योगाची पदविका घेतली होती, मन लावून शिकत होती, आणि मनाने फार चांगली होती. तिचा दोष एवढाच की, क्रिया नीट केली तर फळ मिळालेच पाहिजे असे तिला वाटे. ते मिळाले नाही की समोरची बाई पुरेसे मनावर घेत नाही असा तिचा समज होई.

एके दिवशी त्रिशला चौगुले नावाची एक बाई वर्गात आली. सोबत तिची सासू होती आणि बाळ सासूच्या कडेवर होते. मुलगी होती. सातव्या महिन्यातच जन्मलेली, वयाच्या मानाने फारच लहान, आणि एका पायात ताठरपणा. हा पाय पुढे किती साथ देईल हे आत्ताच सांगता येत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सासूने हळू आवाजात वृंदाला सांगितले की जुळी झाली होती. मुलगा दवाखान्यातच गेला, ही वाचली.

"आणि हिला बघा," सुनेकडे नजर टाकून त्या पुटपुटल्या, "लेकराला हात लावत नाही. दूध काढून वाटीत देते, पाजायचं मी. अंघोळ मी घालायची, झोपवायचं मी. माझ्या मुलाचं घर आहे, नाहीतर..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. वृंदाला ते पुरे करण्याची गरजही भासली नाही.

पुढचे काही दिवस तिने त्रिशलावर बारीक लक्ष ठेवले. सासूचे म्हणणे खरे होते. कधी बाळाला उचलावेच लागले तर त्रिशला आधी त्याच्याभोवती दुपटे गुंडाळी, मग स्वतःच्या हातांभोवती ओढणी गुंडाळी आणि जळते लाकूड बाजूला ठेवावे तशी बाळाला उचलून लगेच खाली ठेवी. बाकीच्या आया बाळांना छातीशी घेऊन पडलेल्या असत, तेव्हा ती भिंतीशी बसून आपल्या तळहातांकडे पाहत असे. धुऊन धुऊन त्या हातांची कातडी फुटली होती.

आक्का तिला काही म्हणत नसत. वृंदाला हे सहन होईना. जिचे एक मूल गेले तिने दुसऱ्याला असे पोरके ठेवावे, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हते. एकदा आक्का दुसऱ्या एका बाईला शिकवण्यात गुंतल्या असताना वृंदा त्रिशलापाशी गेली. तिने बाळाचे झबले काढले, त्याला सतरंजीवर पालथे निजवले, आणि गोड बोलत, समजावत, त्रिशलाचा हात धरून बाळाच्या उघड्या पाठीवर ठेवला. स्वतःचा हात वरून दाबून धरला, म्हणजे तिला तो काढता येऊ नये.

त्रिशलाचा चेहरा राखेसारखा झाला. सारे बळ एकवटून तिने हात ओढून घेतला, उठली आणि बाहेरच्या नळाकडे धावली. हॉलमधल्या सगळ्या बायांना पाण्याचा आवाज ऐकू येत होता. बराच वेळ तो थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला आली नाही.

वृंदाने घडले ते आक्कांना सांगितले. काही लपवले नाही, पण सांगण्यात थोडी तक्रारही होती. आक्कांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"तिनं बाळाला दूर लोटलं, की आपला हात ओढून घेतला?"

"हात ओढून घेतला," वृंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर आक्का चौगुल्यांच्या घरी निघाल्या. त्यांना एकट्याने इतके चालवत नसे म्हणून वृंदा सोबत गेली. आता आक्का त्रिशलाला चार गोष्टी समजावून सांगतील असे तिला वाटले होते. घडले ते अगदी निराळे.

आक्कांनी बाळाची चौकशीसुद्धा केली नाही. ओसरीवर सतरंजी अंथरायला लावली, तिच्यावर उताण्या पडल्या आणि त्रिशलाला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझं हृदय कमजोर झालंय. श्वासाचा अभ्यास करताना छातीवर कुणाचा तरी हात असला की मला बरं पडतं. तू बस आणि हात ठेव."

त्रिशला दोन पावले मागे सरली. "माझा नको, आक्का. यांचा ठेवा," ती वृंदाकडे बोट दाखवून म्हणाली.

"मला तुझाच हवाय."

ती नाही म्हणत राहिली आणि आक्का पडून राहिल्या. सासूबाई बाळाला घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. अखेर वडीलधाऱ्या बाईला असे ताटकळत ठेवणे बरे दिसेना म्हणून त्रिशला बसली. हाताची दोन बोटे तिने आक्कांच्या छातीवर टेकवली, मग हळूहळू सगळा तळहात. आक्कांनी डोळे मिटले आणि संथ श्वास घेऊ लागल्या. त्यांच्या छातीबरोबर तो हात वर जाई, खाली येई. थोड्या वेळाने त्या कुशीवर वळल्या, जपून उठून बसल्या आणि चहा मागितला. त्रिशलाच्या देखत सावकाश चहा प्यायल्या, "उद्या येते," म्हणाल्या आणि निघाल्या.

असे रोज होऊ लागले. आक्का जात, आडव्या होत, त्रिशलाचा हात छातीवर घेत, उठत, चहा पीत आणि परत येत. त्रिशलाला एक आसन शिकवले नाही, बाळाबद्दल एक अक्षर काढले नाही. वृंदा मनातून नाराज झाली. ज्या बाईला आधाराची गरज, तिच्याचकडून आक्का सेवा करून घेत आहेत आणि बाळ बिचारे आजीच्या मांडीवरच आहे, असे तिला वाटे. सासूबाईंचीही धुसफुस सुरू झाली होती. वृंदाने हे आडवळणाने आक्कांच्या कानावर घातले. त्यांनी ऐकले आणि चालत राहिल्या.

एक गोष्ट मात्र वृंदाच्या नजरेत भरली, जरी तिचा अर्थ तिला लागला नाही. आक्का निघाल्या की त्रिशला फाटकापर्यंत येई आणि त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत उभी राही. दुसऱ्या दिवशी त्या पोचण्याआधीच ती तिथे आलेली असे. आक्का लांबून येताना दिसल्या की तिचे खांदे एकदम खाली येत.

मग हवा बदलली आणि आक्कांना ताप आला. पहिल्या दिवशी त्यांनी अंगावर काढला, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. डॉक्टर येऊन गेले. या वयात आणि अशा हृदयाला हा ताप चांगला नाही, पुढचे दिवस सांभाळून काढावे लागतील, असे त्यांनी वृंदाला बाजूला घेऊन सांगितले. त्या गडबडीत चौगुल्यांकडे निरोप धाडायचा राहूनच गेला.

सकाळची दुपार झाली तेव्हा आक्कांच्या दारात कोणीतरी आल्याची चाहूल लागली. वृंदा बाहेर आली तर त्रिशला उभी होती. ती अनवाणी आली होती, केस सुटलेले होते. उंबऱ्याच्या आत यायला ती तयार नव्हती.

"आहेत ना?" तिने विचारले. "एवढंच सांगा. आहेत ना?"

"आहेत. तापानं पडल्यात," वृंदा म्हणाली.

त्रिशलाने भिंतीला हात टेकला. मग लगेच तोही काढून घेतला, जणू भिंतीलाही काही होईल. आणि तिथेच दारात उभ्या उभ्या, आजवर कोणापाशी न बोललेले ती बोलून गेली. दवाखान्यात दोन्ही बाळे काचेच्या पेटीत होती. मुलगा थोडा जास्त अशक्त होता. एका सकाळी नर्सने त्याला पहिल्यांदा तिच्या उघड्या छातीवर ठेवले आणि सांगितले की त्याच्या पाठीवर हात ठेवा, आईच्या उबेने बाळ सावरते. तिने हात ठेवला. तो शांत झोपला. तिला वाटले, आता हा वाचला. त्याच संध्याकाळी तो गेला. जंतुसंसर्ग रक्तात आधीच पसरला होता, तुम्ही त्याला जवळ घेण्याचा त्याच्या जाण्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पुन्हा सांगितले होते. नवऱ्याने, अभिनंदननेही सांगितले होते.

"मला ते कळतं हो," ती म्हणाली. "मी शिकलेली आहे. पण माझा हात जिथं जातो तिथं... मी आक्कांना सांगितलं होतं, माझा नको म्हणून."

शाळेच्या हॉलमध्ये स्वतः दाबून धरलेला तो हात वृंदाला आठवला आणि मान वर करवेना.

आतून आक्कांचा क्षीण आवाज आला. "त्रिशला, आत ये."

"नको, आक्का."

"ये म्हणते ना. मला उठून यायला लावू नकोस."

ती आत गेली. आक्कांचा चेहरा तापाने ओढला होता, ओठ सुकले होते, श्वास उथळ आणि घाईचा झाला होता. त्रिशला खाटेपासून हातभर अंतरावर थांबली.

"तुला वाटतं हे तुझ्यामुळं झालं," आक्का म्हणाल्या.

त्रिशलाने होकारार्थी मान हलवली.

"मला ताप आलाय. उतरेल, किंवा उतरणार नाही. मी तुला वचन देत नाही. पण आज माझा श्वास नीट चालत नाही, आणि तुझ्या हाताखाली तो लांबतो हे मला ठाऊक झालंय. तेव्हा हात ठेव."

वृंदा पुढे होऊन म्हणणार होती, आक्का, आज नको. तिला खरीच भीती वाटली. हा जीव आज या हाताखाली गेला तर ही बाई या जन्मात सावरणार नाही. पण आक्कांनी तिच्याकडे पाहिले आणि ती जागीच थांबली.

त्रिशलाने हात ठेवला. ती रडत नव्हती. दात घट्ट आवळून, शिक्षेला उभे राहावे तशी ती बसली होती. तळहाताखाली ते म्हातारे हृदय वेडेवाकडे धडधडत होते, मध्येच अडखळत होते. प्रत्येक अडखळण्यासरशी तिची बोटे आखडत, पण तिने हात काढला नाही. दुपार अशीच गेली.

नंतरचे दिवस कठीण गेले. ताप उतरे आणि पुन्हा चढे. एकदा तर आक्का ओळखीच्या माणसांनाही ओळखेनात. त्रिशला रोज येई आणि खाटेशी बसे. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, पण एके दिवशी बाळाला घेऊन त्या स्वतःच आल्या, दारातून ते दृश्य पाहिले आणि तशाच परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी सुनेसाठी वेगळी भाजी करून ठेवली, असे नंतर कळले.

ताप गेला. आक्का उठल्या, पण अर्ध्या उरल्या होत्या. आवाजातला पूर्वीचा खणखणीतपणा गेला तो पुन्हा आला नाही. त्या पहिल्यांदा काठी टेकत अंगणात आल्या तेव्हा त्रिशला पायरीवर बसून त्यांना पाहत राहिली. जाताना तिने त्यांचे पाय धरले. ओढणी हातांभोवती नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती वर्गाला आली. बाळाला सासूने आणले होते, पण सतरंजीवर ठेवले ते त्रिशलाने. बराच वेळ ती नुसती पाहत बसली. मग तिने हात पुढे केला आणि मुलीच्या पोटावर ठेवला. मुलीला हा स्पर्श अनोळखी होता. तिने अंग ताठ केले, हातांच्या मुठी वळल्या आणि बारीक, चिरका आवाज काढून ती रडू लागली. त्रिशलाचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या बाया श्वास रोखून पाहत होत्या. तिने डोळे मिटले आणि हात तिथेच राहू दिला. मुलगी रडतच होती, त्या दिवशी ती शांत झाली नाही. पण रडता रडता तिचे पोट वर येत होते आणि खाली जात होते, आणि ते त्रिशलाला कळत होते.

त्या दिवशी आक्कांना घरी पोचवताना वृंदाने विचारले, "आक्का, मी चुकले हे मला कळलं. पण तुम्ही केलंत त्याचा अर्थ अजून नीट लागत नाही. तिला नुसतं समजावून का नाही सांगितलंत?"

आक्का एका कट्ट्यावर टेकल्या. त्यांना दम लागला होता.

"समजावून सगळ्यांनीच सांगितलं होतं, आणि खरं तेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला ते पटलंही होतं. अविश्वास तिच्या हाताला होता. हाताला शब्द ऐकू येत नाहीत, पोरी. ज्या हातानं एकदा मरण पाहिलं, त्याला जगणंच दाखवावं लागतं, आणि तेही एकदा दाखवून भागत नाही. तू तिचा हात बाळावर दाबलास, म्हणजे तिला जे सगळ्यात प्रिय आहे तेच पणाला लावायला सांगितलंस. ती कशी लावेल? तिनं बाळाला लोटलं नाही, हात ओढून घेतला, असं तू म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं की तिला मायेची कमतरता नाही. जीव तोडून माया करतेय म्हणूनच दूर बसतेय. मग म्हटलं, पणाला लावायला दुसरं काहीतरी द्यावं. माझा जीव तसाही जुना झालेला. रोज तिच्या हाताखाली पडायचं आणि रोज उठायचं, एवढंच करण्यासारखं होतं."

मग वृंदाने तो प्रश्न विचारला, जो आक्कांच्या आजारपणात तिला छळत होता. "आणि त्या तापात तुम्ही उठला नसता तर?"

समोरून नदीकडे जाणारी गुरे निघून जाईपर्यंत आक्का त्यांच्याकडे पाहत होत्या.

"तर मी तिचं वाटोळं करून गेले असते," त्या म्हणाल्या. "हा विचार माझ्याही मनात होता. खाटेवर पडल्या पडल्या तोच होता. पण तेव्हा हात ठेवू दिला नसता, तर माझ्या तापाचा दोष तिनं कायमचा स्वतःवर घेतला असता. दोन्हीकडे खड्डा होता. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मी नुसती श्वास घेत राहिले."

एवढे बोलून त्या उठल्या आणि काठी टेकत घराकडे निघाल्या.

त्यानंतर मुलगी हळूहळू आईच्या हाताला सरावली. पाय ताठच राहिला, रोज तो हळुवार दुमडावा आणि सोडावा लागे, आणि ते काम आता त्रिशला करी. मग एका सकाळी, बाकीच्या बाया स्वस्थ पडल्या असताना, तिने झबले काढून मुलीला आपल्या उघड्या छातीवर घेतले. एक हात तिच्या पाठीवर ठेवला. मुलगी जरा चुळबुळली आणि झोपली.

आणि त्रिशला रडू लागली. आधी आवाज नव्हता, नुसते अंग हलत होते. मग तिच्या गेलेल्या मुलाला मारलेली एक हाक बाहेर आली. त्याला नाव ठेवलेले नव्हते, म्हणून ती नुसतेच "बाळा, बाळा" म्हणत होती. तो गेल्यापासून आजवर ती त्याच्यासाठी रडली नव्हती. स्वतःला त्याची मारेकरी मानत होती, तोवर त्याची आई होऊन रडण्याचा हक्कही तिने स्वतःला दिला नव्हता. एकदोघी आया उठून बसल्या आणि वृंदाकडे पाहू लागल्या, की ही आता काहीतरी करेल.

वृंदाने आक्कांकडे पाहिले. आक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही.

वृंदा उठून त्रिशलापाशी गेली. तिने तिला गप्प केले नाही, पाणी दिले नाही, पाठीवर थोपटलेही नाही. रडण्याच्या हेलकाव्यात मुलगी घसरू नये एवढ्यापुरती ती शेजारी बसून राहिली. छातीवरचे मूल वर जात होते, खाली येत होते, आणि आईचा हात त्याच्यावर होता.